चपलांपाशी

दामोदरच्या पायांनी बुधवारी सकाळी सव्वाआठ वाजता, त्याला न विचारता, बूट काढले. उजव्या पायाने डाव्याची टाच दाबली, मोकळ्या झालेल्या डाव्याने उजव्याची दाबली, दोन्ही बूट दोन पायऱ्यांवरच्या दाराच्या आत, भिंतीशी एकमेकांना चिकटून उभे राहिले आणि मालक चर्चमध्ये पुढे गेला. ही गोष्ट मालकाला कळली ती बऱ्याच उशिरा. तोवर त्याने टेबलापाशी निवासी परवाना दाखवला होता, टपालाने घरी आलेला मतदानाचा पास दिला होता, गळ्यात चष्म्याची साखळी घातलेल्या केंद्रप्रमुख बाईंनी हसून हातात ठेवलेली सतरंजीएवढी मतपत्रिका घेतली होती, आणि आडोशाच्या लाकडी खणात जाऊन तिथली लाल पेन्सिल उचलली होती. एरवी मतदान चर्चच्या मागच्या हॉलमध्ये व्हायचं म्हणे, पण हॉलचं काम निघालं होतं, म्हणून यंदा टेबलं थेट चर्चमध्येच मांडली होती. नेदरलँड्समधल्या हार्लेममध्ये आठ वर्षं काढल्यावर, पासपोर्ट भारताचाच ठेवूनसुद्धा, गावच्या नगरपालिकेसाठी मत द्यायचा हक्क त्याला पहिल्यांदाच मिळाला होता. मागच्या निवडणुकीला त्यासाठी लागणारी पाच वर्षं भरली नव्हती. पंधरा दिवस तो सगळ्या पक्षांचे जाहीरनामे भाषांतर करून वाचत होता. त्याचं कामच सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं, त्यामुळे जाहीरनाम्यांतल्याही त्याने शोधल्या होत्या आणि जेवताना बायकोला, मेधाला, ऐकवल्या होत्या. मेधा "बरं" म्हणाली होती. तर पेन्सिल उचलून तो आपल्या उमेदवारापुढचा पांढरा गोल रंगवणार, एवढ्यात त्याला गार लागलं. खालून. तळव्यांना. त्याने पाहिलं तर दगडी फरशीवर त्याचे करड्या सॉक्समधले दोन पाय, पहिल्या बाकावरच्या हुशार मुलांसारखे शेजारी शेजारी उभे, आणि डाव्या अंगठ्याला भोक.

दुसरा कुणी असता तर स्वतःशीच हसला असता आणि मत टाकून मोकळा झाला असता. पण दामोदर नास्तिक होता. सणाला पुरणपोळी खाऊन मग देव नाही म्हणणाऱ्यांतला नव्हे. पुरणपोळी तोही खायचा, पण आपण ती फक्त पोळी म्हणून खातो आहोत हे आधी जाहीर करायचा. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना, एकोणिसाव्या वर्षी, त्याने ठरवलं होतं की यापुढे कुठल्याही धर्माच्या दारात आपण पादत्राणं काढायची नाहीत. आता पादत्राणं काढायची नाहीत म्हटल्यावर आत जाता येत नाही, घरचे सगळे तर आत जाणार, आणि त्यांच्या चपला बाहेर राहणार. तेव्हा त्या थोर निर्धारातून प्रत्यक्षात निघालं ते एवढंच, की गेली एकोणतीस वर्षं दामोदर देवळांबाहेर बसून चपला सांभाळत आला होता. जेजुरी, कोल्हापूर, नरसोबाची वाडी. कुठल्याही गाभाऱ्यात काय आहे हे त्याने पाहिलेलं नव्हतं, पण दुपारी तीन वाजता चपलांवर सावली कुठल्या बाजूला राहते हे तो झोपेतही सांगू शकला असता. आणि काम हाती घेतलं की ते नीट करायचं हा स्वभाव. तो जोड्या लावायचा, सगळ्यांची टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवायचा, म्हणजे दर्शन घेऊन आलेल्याला नुसते पाय सरकवले की झालं. घरच्यांना त्याची इतकी सवय झाली होती की तो एखाद्या ट्रिपला आला नाही तर देव भेटल्यासारखा वाटायचा नाही, असं मेधाची आई म्हणायची.

मेधाची आई म्हणजे शैलाताई. सदाशिव पेठेतल्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या, रोज पहाटे अंघोळ करून देवांना अंघोळ घालणाऱ्या. जावई देव मानत नाही हे त्यांना लग्नाआधीच सांगण्यात आलं, तेव्हा त्यांनी फक्त "मग काय मानतात?" एवढं विचारलं, आणि दामोदरने त्याचं जे सव्वा तासाचं उत्तर दिलं ते चहा दोनदा गरम करून पुरं ऐकलं. पुढे कुणी विचारलं की त्या, "आमचे दामोदरराव ना, ते चपलांपाशी बसतात," असं सांगायच्या, जसं दुसऱ्या कुणाचा जावई बँकेत असतो. देवळातून सगळ्यांच्या आधी त्याच बाहेर यायच्या. मुठीत काहीतरी असायचं. "देव नाही हो, साखर आहे नुसती. खा." मग दामोदर खायचा, साखरेला त्याचा तात्त्विक विरोध नव्हता. एकदा वाडीला तो चमत्कारांमागचं विज्ञान समजावणाऱ्या पुस्तकात इतका बुडाला की त्याच्या डोळ्यांदेखत शैलाताईंच्या नव्या कोल्हापुरी कुणीतरी नेल्या. त्या बाहेर आल्या, जागा रिकामी पाहिली आणि म्हणाल्या, "बरं झालं, पीडा गेली." दामोदर ओशाळला होता, आणि ओशाळला की तो समजावून सांगू लागायचा. पीडा ही पादत्राणांत राहू शकत नाही, शनीचा आणि चामड्याचा संबंध कसा जोडला गेला, या विषयावर तो तिथल्या तिथे दहा मिनिटं बोलला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग साखर दिली. एप्रिलचं ऊन होतं. फरशी तापलेली होती. ऐकताना त्या एकदा हा पाय उचलत होत्या, एकदा तो. हे तेव्हा दामोदरला दिसलं होतं असं म्हणता येणार नाही. आज इथे, हार्लेममध्ये, लाल पेन्सिल हातात धरून गार फरशीवर एकदा हा पाय, एकदा तो पाय उचलताना, ते त्याला लख्ख दिसलं.

त्याने घाईघाईने गोल रंगवला. विचार असा होता की मत पेटीत टाकायचं, झटकन दाराशी जायचं, बूट चढवायचे, आणि हा प्रकार झालाच नाही असं समजून आठ पन्नासची गाडी पकडायची. मतपत्रिका घडी घालताना त्याने सहज आडोशावरून दाराकडे पाहिलं आणि त्याचा हात जागीच थांबला. दाराच्या भिंतीशी बुटांची ओळ लागली होती. त्याचे पहिले, त्यानंतर एक भलीमोठी तपकिरी जोडी, मग बायकांचे गुडघ्यापर्यंतचे बूट, खेळायचे बूट, चिखल लागलेले बूट; तेरा-चौदा जोड्या तरी असाव्यात. आणि टेबलापुढच्या रांगेत तितकेच डच नागरिक सॉक्समध्ये, हातात पास घेऊन, अगदी शांतपणे उभे होते. पट्ट्यापट्ट्यांचे सॉक्स, लोकरीचे सॉक्स, एका विद्यार्थ्याचा एक हिरवा आणि एक निळा. एक म्हातारे आजोबा खुर्चीवर बसले होते आणि त्यांची बायको पुढे वाकून त्यांच्या नाड्या सोडवत होती. एरवी या देशात कुणाला एक इंच सरका म्हटलं तर तीन कारणं विचारतात. आणि आज एका परक्या माणसाची चुकून निघालेली एक जोडी पाहून यांनी धडाधड बूट काढले? दामोदरने दाराकडे नीट पाहिलं. इमारत उभी करणाऱ्याने पायऱ्या नेमक्या देवळाच्या असतात तशाच बांधल्या होत्या, दोन, मध्ये झिजलेल्या. दाराशी काथ्याचं पायपुसणं. आतून मेणाचा वास आणि दगडाचा गारवा. पायांनी एवढंच ओळखलं आणि निर्णय घेऊन टाकला. डोक्याला कुणी बैठकीला बोलावलंच नाही.

आणि डोक्याचं तरी दामोदरच्या घरात अलीकडे काय चाललं होतं? शैलाताई सप्टेंबरात गेल्या. मेधा पुण्याला जाऊन आली ती आईचे देव घेऊन. भाऊ संजीव फ्लॅट रिकामा करत होता आणि त्याच्याकडे देव नेऊन ठेवायला तीन कुत्र्यांमुळे जागा नव्हती. पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात, जुन्या पातळाच्या फडक्यात गुंडाळलेले बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक आणि बोटभर घंटा. स्खिपोल विमानतळावर कस्टम्सच्या माणसाने डबा उघडायला लावला आणि हे कोण म्हणून विचारलं, तर मेधा सरळ "फॅमिली" म्हणाली आणि त्याने झाकण लावून दिलं. कस्टम्समधून सुटलेल्या देवांना घरी दामोदरने अडवलं. अडवलं हा शब्द त्याला मान्य झाला नसता. तो म्हणाला होता, "मी नाही म्हणत नाहीये, मेधा. हा तुझा हक्क आहे, हंड्रेड पर्सेंट. पण घर तिघांचं आहे. हॉल म्हणजे आपली पब्लिक स्पेस, ती न्यूट्रल असावी. ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्या दाराआड." आता त्या घरात रिकामं दार एकच होतं, जिन्याखालच्या कपाटाचं. तिथे विजेचा मीटर, व्हॅक्यूम क्लीनर, बटाट्यांची पिशवी आणि खालच्या फळीवर घरातले सगळे बूट. वरची फळी त्याने स्वतः रिकामी केली, ओल्या फडक्याने पुसली, आणि आपल्याइतका उदार नास्तिक पश्चिम युरोपात दुसरा नसेल असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं. मेधा त्या फळीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरं."

तेव्हापासून ती रोज सकाळी कपाटाचं दार उघडायची, व्हॅक्यूम क्लीनरची नळी बाजूला सारायची, जिन्याच्या उतारामुळे मान वाकडी करून आत डोकावायची आणि हात जोडायची. मीटरमुळे दिवा लावायचा नाही असं ठरलं होतं, म्हणजे दामोदरने ठरवलं होतं. सतरा वर्षांच्या ऋताने एकदा शाळेला निघताना ते दृश्य पाहिलं आणि "ममा इज प्रेइंग टु द व्हॅक्यूम क्लीनर," अशी बातमी दिली. वर शाळेत नुकत्याच शिकवलेल्या डच राज्यघटनेचा हवाला: "बाबा, आर्टिकल सिक्स. एव्हरीवन हॅज फ्रीडम ऑफ रिलिजन. इट डझन्ट से अंडर द स्टेअर्स." दामोदरने तिला समजावलं की घटना सरकारला लागू असते, नवऱ्याला नाही, आणि हे बोलून झाल्यावर आपण नक्की काय जिंकलो हे त्याला समजेना. कारण मेधा तेव्हाही "बरं" म्हणाली. ती भांडली असती तर त्याच्याकडे मुद्दे तयार होते. पण जी बाई पूर्वी भाजीत मीठ कमी का यावरही वाद घालायची, ती सहा महिने प्रत्येक गोष्टीला बरं म्हणत होती. बाहेर जाऊ या? बरं. नको जाऊ या? बरं. दामोदर त्या शब्दाला आता घाबरायला लागला होता. त्याला आपली जुनी बायको परत हवी होती, अगदी मनापासून हवी होती, फक्त तत्त्वाला धक्का न लावता.

"मी बूट काढणार नाही!" टेबलापाशी कुणीतरी मोठ्याने म्हणालं. पिवळा रेनकोट, डोक्यावर सायकलचं हेल्मेट, पायांत ओले बूट असा एक साठीचा गृहस्थ पास हातात घट्ट धरून उभा होता. "तीस वर्षं झाली मला या चर्चच्या यादीतून नाव काढून. लेखी कळवून काढलंय. आणि आज मत द्यायला आलो तर बूट काढून आत या? मतदान केंद्र आहे की देऊळ?" दामोदरला एकदम भरून आलं. हा आपला माणूस! हे वाक्य आपण म्हणायचं, गेली एकोणतीस वर्षं आपण हेच म्हणत आलो आहोत. धावत जाऊन त्याचा हात हातात घ्यावा असं त्याला वाटलं. फक्त सॉक्समध्ये धावत जाणं बरं दिसलं नसतं.

"तुम्हाला बूट काढायला सांगितलं कुणी?" केंद्रप्रमुख बाईंनी विचारलं. त्यांचं नाव डेक्कर, पाटीवर लिहिलं होतं, आणि तीसेक वर्षं मुलांना रांगेत उभं केल्याची सवय आवाजात होती.

"सगळ्यांनी काढलेत की!"

"मला वाटलं फरशीला नुकतं पॉलिश केलंय," आजोबा म्हणाले.

"मला वाटलं तुम्हीच सांगितलंत," आजी त्यांना म्हणाल्या.

"हे काहीतरी सर्वधर्म वगैरे असेल असं वाटलं," हिरव्या-निळ्या सॉक्सवाला विद्यार्थी म्हणाला. "छान वाटलं मला तर."

आणि मग रांगेतल्या माना एकेक करून एकाच दिशेला वळल्या. रांगेच्या मध्यावर डोक्याला रुमाल बांधलेली तिशीची एक बाई उभी होती. तिने आधी मागे पाहिलं, मग आपल्याकडेच बघताहेत हे तिच्या लक्षात आलं. "मी?" ती म्हणाली आणि एक पाय उचलून दाखवला. "माझे बूट पायात आहेत. या रांगेत आम्ही तिघं-चौघंच बूट घालून आहोत, आणि बघताय माझ्याकडे?"

"नाही, म्हणजे तुमच्यात..." आजोबा.

"आमच्यात मशिदीत काढतात. हे चर्च आहे. आणि माझा जन्म इथला, या चर्चसमोरच्या शाळेत शिकलेय मी."

आजोबांनी आपल्या सॉक्सकडे पाहिलं. दामोदर आडोशामागे घडी घातलेली मतपत्रिका छातीशी धरून उभा होता. गप्प राहिलं असतं तर चाललं असतं. पेटी चार पावलांवर, दार बारा पावलांवर. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधून त्यांच्यावर लाल खूण केली होती, आणि आज चूक त्याची होती, तिचा आळ भलत्याच बाईवर जात होता, आणि लाल पेन्सिल त्याच्याच हातात होती. लाज वाटली. अशी साधी, कान गरम करणारी लाज त्याला फार दिवसांनी वाटली. तो भोकाचा अंगठा आत मुडपून बाहेर आला आणि आपल्या मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हणाला, "ते मी. पहिले बूट माझे."

डेक्करबाईंनी चष्मा नाकावर चढवला. समोर एक फॉर्म ओढला. "ठीक आहे. या गृहस्थांचा आक्षेप आहे, तो मला अहवालात लिहावा लागेल. त्यासमोर कारण हवं. एकच सांगा. तुम्ही बूट धर्मामुळे काढलेत का? धर्म किंवा जीवनविषयक भूमिका, दोन्ही चालतं. तसं असेल तर तो तुमचा हक्क आहे, मी पुढे अक्षर विचारणार नाही. तसं नसेल, तर मात्र मी सगळ्यांना बूट घालायची विनंती करते. गारठा आहे, लोक वयस्कर आहेत."

चौदा जोड सॉक्स त्याच्या उत्तराची वाट बघत होते. 'हो' म्हणावं, तर हेल्मेटवाला तोंडात मारल्यासारखा गप्प बसेल, राज्यघटना पाठीशी उभी राहील, आणि एकोणतीस वर्षांचा नास्तिक एका मिनिटात सरकारी कागदावर भाविक होईल. 'नाही' म्हणावं, तर मग काढले कशाला? जीवनविषयक भूमिका त्याच्याकडे होती, भरपूर होती, पण ती बूट न काढण्याची होती. त्याने पायांकडे पाहिलं. पाय गप्प. एकदा हा उचलला, एकदा तो. तापलेली फरशी, रिकामी जागा, बरं झालं पीडा गेली, आणि तरीही पुढे झालेली ती मूठ. वीस वर्षं ती बाई आतून बाहेर येत राहिली. त्यांनी कधी त्याला आत या म्हटलं नाही, आणि बाहेर आहात म्हणून कधी वगळलंही नाही. त्याच्या वाट्याचं त्या देवळाबाहेर आणून देत राहिल्या. आणि आपण? आपण त्यांना बटाट्यांशेजारी ठेवलं. हे त्याच्या मनात इतक्या सरळ शब्दांत यापूर्वी आलं नव्हतं.

"सासूबाई," तो म्हणाला.

"काय?"

"कारण. धर्म नाही. सासूबाई."

डेक्करबाईंनी त्याच्या मागे, आजूबाजूला पाहिलं. "त्या बरोबर आल्यात का?"

"नाही. त्या सप्टेंबरात गेल्या."

डेक्करबाईंनी मान हलवली आणि फॉर्मवर लिहू लागल्या, लिहिता लिहिता सवयीने मोठ्याने वाचत: "एका मतदाराने स्वेच्छेने बूट काढले. कारण, सासूबाई. इतरांनी त्याचे पाहून काढले." मग त्या हेल्मेटवाल्याकडे वळल्या. "चालेल?"

तो जरा विचारात पडला. "माझ्या सासूबाई पांढऱ्या गालिच्यासाठी काढायला लावायच्या," तो म्हणाला. "चाळीस वर्षं काढले." मग ताठ झाला. "पण माझा आक्षेप राहू द्या. लेखी."

"राहू देते. दोन्ही एकाखाली एक." आणि रांगेकडे बघून, "ज्यांना घालायचेत त्यांनी घाला, ज्यांना नाही त्यांनी नका घालू. फक्त कुणी घसरू नका."

दामोदरने मत पेटीत ढकललं. वळला, तर रांगेच्या अगदी शेवटी, सायकलची किल्ली हातात, बूट पायात, मेधा उभी होती. ती संध्याकाळी येणार होती. सकाळची मीटिंग रद्द झाली असावी. तिने कुठपासून ऐकलं हे तिच्या चेहऱ्यावरून समजत नव्हतं. चेहरा बरं म्हणतानाचा नव्हता, एवढं नक्की. दामोदरला काय करावं सुचेना, आणि काय करावं सुचलं नाही की तो जे करायचा तेच त्याने केलं. तो दाराशी गेला, खाली बसला आणि जोड्या लावू लागला. विस्कटलेले बूट जवळ घेतले, सगळ्यांची टोकं बाहेरच्या बाजूला वळवली, गुडघ्यापर्यंतचे बूट पडू नयेत म्हणून भिंतीला टेकवले. लोक मत देऊन येत होते, पाय सरकवत होते, आभार मानून जात होते. रुमालवाली बाई जाताना क्षणभर थांबली, "तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार," म्हणाली आणि गेली. आजोबांना त्याने हात धरून बूट चढवून दिले. आजींनी कोटाच्या खिशातून एक लांबट पुडी काढली, तिच्यातली एक पांढरी गोळी त्याच्या तळहातावर ठेवली, आणि थोडा विचार करून दुसरीही ठेवली. "पेपरमिंट. आम्ही चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की वाटतो. घ्या, धर्माचं काही नाही, नुसती साखर." दामोदर त्या गोळ्यांकडे बघतच राहिला. मग त्याने एक तोंडात टाकली आणि एक खिशात ठेवली, आणि पुढची जोडी लावायला घेतली.

"आठ पन्नासची गेली तुझी," मत देऊन आलेली मेधा मागून म्हणाली. सहा महिन्यांत तिने आपण होऊन सांगितलेली ही पहिली बातमी असावी.

दोघं सायकली हातात धरून कालव्याच्या कडेने चालत निघाली. दामोदरने बोलायचं बरंच ठरवलं होतं, त्यात सहिष्णुतेचा पुनर्विचार हे शब्दही होते. "मेधा, मला वाटतं, म्हणजे माझी काही हरकत नाही, तू देव हॉलमध्ये जर..."

"परवानगी देतोयस?"

"तसं नाही. मी म्हणजे अधिक टॉलरंट..."

"मला तुझी सहिष्णुता नकोय, दामोदर. मला एक फळी हवीय." ती थांबली. रागावलेली होती, डोळे भरलेले होते, आणि आवाज मात्र भाजीत मीठ कमी पडल्यावरचा, जुना, भांडायला सज्ज. "माझी आई आहे ती त्या डब्यात. तुला देव दिसतात, मला तिची बोटं दिसतात, रोज घासून घासून तो बाळकृष्ण गुळगुळीत केलेली. तू सगळ्या हक्कांवर बोललास. कपाट पुसून दिलंस. नुसता थोडा सरकला असतास तर?"

"सरकतो," दामोदर म्हणाला.

"आणि भाषण?"

"नाही."

"बघ हं," मेधा म्हणाली. "बरं" म्हणाली नाही.

घरी हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटाची मधली फळी त्याची होती; बुद्धिवादी मासिकांचे बावीस वर्षांचे बांधीव अंक तिथे दिमाखात उभे होते. त्याने त्यातले निम्मे काढले आणि खालच्या फळीवर आडवे रचले. अंक आडवे पडल्यावर जरा बिचारे दिसले, पण बोलले काही नाहीत. मेधाने डबा आणला, फडकं सोडलं, एकेक देव पुसून मांडला, घंटा ठेवली, निरांजन लावलं. तिला काय वाटत असेल हे बघत तिथे उभं राहणं दामोदरला प्रशस्त वाटेना. तिचं ते तिचं होतं. तो दाराशी गेला आणि जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, उघड्या कपाटासमोर, घरातल्या बुटांपाशी जाऊन बसला. ऋताचे खेळायचे बूट उलटेपालटे पडले होते, ते त्याने सरळ केले.

"साखर आहे का रे घरात?" आतून हाक आली.

साखर नव्हती. जानेवारीत डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहून भुवया उंचावल्यापासून दामोदरनेच ती बंद केली होती. त्याने खिसा चाचपला. "पेपरमिंट आहे. एक. चर्चचं आहे पण."

मग मेधा हसली. मोठ्याने, नाकातून आवाज काढत, जशी ती पूर्वी हसायची तशी. तिने येऊन गोळी नेली. घंटा वाजली, तीनदा, अगदी बारीक. शेजारच्या भिंतीपलीकडेही पोचली नसेल. दामोदर ऐकत होता. त्याचा विश्वास तसूभर हललेला नव्हता, हे त्याने तपासून पाहिलं, सगळं होतं तिथेच होतं. मग पावलं वाजली आणि मेधा बाहेर आली, मूठ मिटलेली.

"देव नाही रे," ती म्हणाली, "पेपरमिंट आहे नुसतं. खा."

दामोदरच्या हातांनीही मग त्याला विचारलं नाही. उजवा पुढे झाला, आणि त्याच्याखाली डावा.